गावदेवीच्या विहिरीत मीठ

गिरजा हरडला राग येतो, हे शहापुरात तिच्या गल्लीतल्या सगळ्यांना ठाऊक आहे. कशाचा येतो, ते मात्र पुष्कळांना अजून उमगलेलं नाही. पैशाअडक्यावरून ती कधी कुणाशी भांडली नाही. रांगेत कुणी पुढे घुसलं तर ती त्यालाही जाऊ देते. पण किराणा दुकानदाराने गुळाच्या ढेपेवर हात ठेवून "बाई, यात केमिकल अजिबात नाय" असं म्हटलं की ती पिशवी खाली ठेवते आणि विचारते, "मग काय आहे? नुसती हवा भरलीय?" दुकानदार हसतो. ती हसत नाही.

एकदा तिच्या मुलाने, हरेशने, जेवता जेवता मोबाइलवरचा निरोप वाचून दाखवला. मिठात क्लोरीन असतो, क्लोरीन हा विषारी वायू आहे, लढाईत त्याने माणसं मारली, तेव्हा मीठ सोडा. गिरजाने त्याच्यासमोरून आमटीची वाटी उचलली. "आजपासून तू अळणी जेव," ती म्हणाली. "बारावी सायन्स झालेला माणूस हे वाचतो आणि पुढे दहा जणांना पाठवतो. मी तुला काय शिकवलं होतं?" हरेशने निरोप पुसून टाकला, तेव्हा वाटी परत आली.

तिचं माहेर उंबरखोंड. टोकावड्याच्या अलीकडे मुख्य रस्ता सोडून आत वळलं की भातखाचरांच्या पलीकडे गाव दिसतं, आणि गावाच्या वरच्या अंगाला डोंगराला टेकलेली ठाकरांची वाडी. गिरजाचे वडील भातशेती करायचे. मुलीने कल्याणला जाऊन रसायनशास्त्र शिकावं असं त्यांना का वाटलं, हे कुणाला कळलं नाही. त्यांनी कधी सांगितलंही नाही. ती शिकली आणि परत आली. मुरबाड तालुक्यातच माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवत तिची सारी नोकरी झाली. उंबरखोंडची आणि वाडीची दोन पिढ्यांची मुलं तिच्या हाताखालून गेली. नवरा गेला, नोकरी संपली, मग ती शहापूरला मुलाकडे राहायला आली. आली, पण गाव काही तिने सोडलं नाही.

शाळेत तिचा एक धडा मुलांच्या फार आवडीचा होता. रॉकेलच्या बाटलीतून ती सोडियमचा तुकडा चिमट्याने काढायची, सुरीने गव्हाच्या दाण्याएवढा कापायची आणि परातीतल्या पाण्यात टाकायची. दाणा पाण्यावर वेड्यासारखा धावायचा, फुरफुरायचा, कधी पेट घ्यायचा. पोरं बाकांवर चढायची. मग ती हिरवट पिवळ्या क्लोरीन वायूची गोष्ट सांगायची. तो श्वासात गेला की माणसाचं काय होतं ते सांगायची. आणि सगळे गप्प झाले की पदराच्या गाठीतून चिमूटभर मीठ काढून जिभेवर ठेवायची. "त्या दोघांचं मिळून हे झालं," ती म्हणायची. तेवढ्यात तास संपायचा. असं का झालं, ते दुसऱ्या दिवशी. आणि तो धडा नेमका लावणीच्या दिवसांत यायचा. दुसऱ्या दिवशी अर्धा वर्ग गुडघाभर चिखलात वाकलेला असायचा.

या वर्षी चैत्रात, जत्रेच्या आदल्या दिवशी सकाळी, वाडीतल्या भिमीचा फोन आला. भिमी ही तिचीच विद्यार्थिनी. आठवीत शाळा सुटली, लग्न झालं, आता पदरात मीना नावाची तीन वर्षांची मुलगी आहे.

"बाई, तुमी कदी येताय?"

"उद्या सकाळच्या गाडीने. का गं?"

"या टायमाला इरीत पावडर नाय टाकली. मीठ टाकलाय. अख्खा पोता."

गिरजाला आधी वाटलं, फोन नीट लागलेला नाही. "मीठ कशाला?"

"पंचायतीतला प्रज्वल बोलला, पावडरीत जो क्लोरीन हाय तोच मिठात हाय, फकस्त वास नाय. बोलला, बाईंनीच शिकवलाय."

गिरजाने दुधाखालचा गॅस बंद केला, पिशवी उचलली आणि एसटी स्टँड गाठला.

तिच्या संतापाला कारण होतं. गावदेवीच्या देवळामागची विहीर एकच, आणि तिचंच पाणी गावाला आणि वाडीला. तिच्यात टीसीएल, म्हणजे जंतू मारणारी क्लोरीनची पावडर, घालायची पद्धत पूर्वीपासून आहे. पण देवीला औषधाच्या वासाचं पाणी चालत नाही, म्हणून जत्रेआधीचा आठवडा पावडर बंद, हीही पद्धत तितकीच जुनी. देवीची पूजा गिरजाच्या चुलतभावाकडे, महिपतकडे आहे, आणि हा नियम त्याने जिवापाड सांभाळला होता. गेल्या वर्षी जत्रेचं जेवण झालं आणि वाडीत जुलाब सुरू झाले. मोठी माणसं सावरली. मीना मात्र निपचित पडली. भिमीने तिला खांद्यावर टाकून फाट्यापर्यंत धाव घेतली होती, आणि मुरबाडच्या दवाखान्यात त्या चिमण्या हाताला शीर सापडेना म्हणून पायाला सलाइन लावलं होतं. गिरजा तेव्हा खाटेशी बसून होती.

गावात लोक म्हणाले, वाडीवाले खेकडे खातात, त्यांना होणारच. गिरजाने ते ग्रामसभेत उभं राहून सगळ्यांच्या तोंडावर खोडून काढलं. विहिरीत पावडर नव्हती म्हणून झालं, खेकड्यांनी नाही. खूप वादावादी झाली आणि शेवटी ठरलं: जत्रेला देवीची घागर पावडर टाकायच्या आधी भरून घ्यायची, पण पावडर एक दिवसही बंद ठेवायची नाही. महिपत कुरकुरला, पण त्याने मान डोलावली होती. आता ते सगळं एका पोत्याने बुडवलं होतं. उद्या दुपारी गाव, वाडी, पै-पाहुणे याच विहिरीवर जेवायला बसणार. मीनाही बसणार.

गाडी किन्हवलीवरून सरळगावला लागली तरी तिचा राग उतरला नाही. उलट वाढतच गेला. तानसाच्या तलावाचं पाणी मुंबईला जातं, ते तिथल्या माणसाच्या ओठाला लागण्याआधी बाराही महिने शुद्ध होतं, कुठल्या देवाला ते चालतं का असं कुणी विचारत नाही. आणि त्याच तलावाच्या शेजारच्या तालुक्यात पोरांनी मिठाचं पाणी प्यायचं. आणि वर म्हणायचं, बाईंनी शिकवलं.

देवळाच्या ओट्यावर मांडव घातला होता. महिपत खांबाला टेकून पान जुळवत होता. प्लास्टिकच्या खुर्चीवर प्रज्वल विशे बसला होता. तिचाच जुना विद्यार्थी, वाशिंदला कारखान्यात कामाला, गेल्या निवडणुकीत पंचायतीचा सदस्य झालेला, अंगात इस्त्रीचा शर्ट. विहिरीत पावडर टाकायचं काम आता त्याच्याकडे होतं. बाईंना बघून तो उठून उभा राहिला.

"आली गो बाय," महिपत म्हणाला. "ये गिरजे, बस. पानी पी. या वरसाला पान्याला काय चव आलीय म्हणून सांगू."

"तेच बघायला आले, महिपतदादा."

"रागाव नको. पोरानं डोका लावून काम केलाय. देवीपन खूश, तूपन खूश."

"मी खूश आहे असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

प्रज्वल मध्ये पडला. "बाई, ऐका तर. मी दोनी बाजू सांभाळल्या. यांना वास नको, तुमाला क्लोरीन पायजे. मिठात क्लोरीन हाय. तुमीच तर त्या दिवशी परातीत सोडियम टाकला होता, मला अजून आठवतंय. मीठ म्हंजे सोडियम आणि क्लोरीन. हाय का नाय?"

"आणि दुसऱ्या दिवशी काय शिकवलं?"

प्रज्वलने आठवून पाहिलं. "दुसऱ्या दिवशी आमची लावणी होती बहुतेक."

मांडवातले दोघेतिघे हसले. गिरजाने पिशवीतून एक काचेची नळी आणि तपकिरी बाटली काढली. ही बाटली ती आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टरकडून मागून आणते. पाण्यात क्लोरीन असेल तर तिच्यातल्या औषधाच्या थेंबांनी पाणी पिवळं होतं. एवढ्यात भिमीही मीनाला कडेवर घेऊन आली होती. गिरजाने तिला ओट्यावरच्या कळशीतलं विहिरीचं पाणी नळीत ओतायला लावलं आणि थेंब टाकले. सगळे वाकून बघत राहिले. पाणी होतं तसंच राहिलं.

"थोडा टाइम लागत असेल," प्रज्वल म्हणाला.

"लागू दे हवा तितका टाइम."

पाणी पिवळं झालं नाही. प्रज्वलचा चेहरा हळूहळू उतरला, पण तो हटला नाही. "मग मिठात क्लोरीन नसतो का? पुस्तकात खोटा लिवलाय?"

"मिठात क्लोराइड असतो. क्लोरीन वेगळा, क्लोराइड वेगळा. क्लोरीनला एक इलेक्ट्रॉन कमी असतो, आणि तो मिळवायला समोर येईल त्याला तो ओरबाडतो. जंतू आला तर जंतूला, कापडाचा रंग आला तर रंगाला, माणसाचं फुप्फुस आलं तर त्याला. म्हणून तो मारतो. सोडियमकडे एक जादाचा असतो, तो द्यायला सोडियम उतावीळ. एकाने दिला, दुसऱ्याने घेतला. घेतल्यावर क्लोरीनचा झाला क्लोराइड. आता त्याला काही नको. तो कशाला कुणाला ओरबाडेल?"

"पन हाय तर त्योच ना," महिपत पानावर चुना लावत म्हणाला. "मानूस जेवला म्हनून काय दुसरा होतो?"

गिरजाने त्याच्या बोटाकडे बघितलं. "दादा, बोटावर काय आहे?"

"चुना. दुसरा काय?"

"घर रंगवायला भट्टीवरून कळीचा चुना आणता, तोही चुनाच ना? तो घ्या तळहातावर, वर पाणी घाला, आणि त्याचा विडा करून खा. मी बसते इथे."

महिपतचं बोट हवेतच राहिलं. कळीचा चुना विझवताना पिंप कसं उकळतं, अंगावर उडालं तर कातडी कशी सोलते, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. लहानपणी त्याच्या पोटरीवर उडालेला डाग अजून होता.

"ह्यो विझलेला न्हवं का," तो म्हणाला.

"मग मिठातलाही विझलेलाच. पोतंभर विझलेलं विहिरीत ओतलंत आणि म्हणता, जंतू भाजतील."

गिरजा भिमीकडे वळली, पण बोलली सगळ्यांना ऐकू जाईल असं. "या पोरीच्या पायात मुरबाडला बाटली लावली होती. त्या बाटलीत काय होतं? मिठाचंच पाणी. क्लोराइड. तो रक्तात गेला आणि पोर डोळे उघडून बघायला लागली. त्या जागी क्लोरीन असता तर बाटली संपायच्या आत पोर संपली असती. रक्तात जो चालतो तो जंतू मारत नाही, आणि जंतू मारतो तो रक्तात चालत नाही. एवढं साधं आहे. हे मी दरवर्षी शिकवलं, आणि दरवर्षी तुम्ही लावणीला गेलात."

प्रज्वलने मान खाली घातली. "ठीक हाय बाई. टाकू पावडर. समाजमंदिरात पोता हाय."

पोतं कोपऱ्यात, फरशीवर टेकलेलं होतं. तोंड उघडं. वरच्या पत्र्यातून गेल्या पावसात पाणी गळालेलं, त्याचे ओघळ भिंतीवर अजून दिसत होते. पावडरीची ढेकळं झाली होती. गिरजाने ढेकूळ नाकाशी नेलं. चुन्याचा ओलसर वास आला, बाकी काही नाही. तिने ते भांड्यात विरघळवलं, वरचं निवळ पाणी नळीत घेतलं आणि थेंब टाकले.

पाणी पिवळं झालं नाही.

तिने नळी उजेडाकडे धरून पुन्हा पाहिली. "हीसुद्धा गेली," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, आणि तेच प्रज्वलला जास्त लागलं. "तोंड उघडं ठेवलं, ओल लागली, की हिचा जोर हळूहळू निघून जातो. मागे उरतो तो चुना आणि तोच क्लोराइड. तुझ्या मिठाचा भाऊ. हे पोतं कधीपासून वापरतोयस?"

"पावसाळ्यापासून."

"रोज?"

"मीठ टाकेपर्यंत रोज टाकलीय बाई. एक दिवस चुकवला नाय. देवीची शपथ."

"माहीत आहे. रोज टाकलीस. रोज पांढरी माती टाकलीस."

"म्हंजे बाई," भिमी दारातून म्हणाली, "पावसाल्यापासून आमी तसाच पानी पितोय?"

गिरजाला आता प्रज्वलचा राग येत होता, पंचायतीचा येत होता, पोत्यावर 'कोरड्या जागी झाकून ठेवा' एवढं छापून हात झटकणाऱ्यांचा येत होता, आणि थोडा स्वतःचाही. गेल्या वर्षी सभेत ती आठवड्यासाठी भांडली होती, जिंकलीही होती. पोतं उघडून बघायचं तिला सुचलं नव्हतं.

"मुरबाडहून नवीन आण," ती म्हणाली. "ड्रममध्ये आण, घट्ट झाकणाच्या. आजच."

"बाई, आता दुपार झाली. हापिसात सायेब असल का नाय. उद्या सकाळी जेवणाचा सैपाक..."

"सैपाक थांबेल."

"जत्रेचा सैपाक थांबेल?" महिपत दारात येऊन उभा राहिला होता. "गिरजे, तू शहापूरची झालीस. हितं पाहुनं येत्यात."

"पाहुण्यांनाही पोट असतं, दादा."

ती विहिरीवर गेली आणि कठड्यावर, जिथे पोहरा सोडतात तिथेच, मांडी घालून बसली. पिण्यासाठी कुणी कळशी घेऊन आलं की "पावडर येऊ दे" एवढंच सांगायची. गुरांना, धुण्याला हवं तेवढं न्या. प्यायला न्यायचं तर उकळून प्या. गावातल्या बायका आधी बावचळल्या, मग चिडल्या. एकीने ऐकवलं, "पेन्शनवाल्यांना काय काम असतंय." गिरजा म्हणाली, "हेच." वाडीतून भिमी दोघीतिघींना घेऊन आली आणि तिच्याशेजारी बसली. मग गावातल्या बायकांचं बोलणं जरा कमी झालं.

प्रज्वल मोटारसायकल घेऊन गेला होता. ऊन कलायला लागलं तसा महिपत तांब्याची घागर घेऊन विहिरीवर आला.

"देवीचा पानी तर काढू दे. का त्यालापन तुजी परवानगी?"

"काढा की. तसंच ठरलंय. देवीला जुलाब होत नाहीत."

महिपतने तिच्याकडे रोखून बघितलं. मग त्याच्या मिशा हलल्या. घागर भरताना तो खाली बघत म्हणाला, "लहानपणी तुला हितंच म्हातारीनं बदडली होती. इरीत खडं टाकते म्हनून."

"खोली मोजत होते."

"तवापासून डोक्याला ताप हायस."

प्रज्वल परतला तेव्हा मागच्या सीटवर निळा ड्रम बांधलेला होता आणि इस्त्रीच्या शर्टाची दशा झालेली. ऑफिसात साहेब नव्हताच. तो साहेबाच्या घरी गेला होता, तिथून गोदामाच्या चौकीदाराकडे. त्याने यातलं काही सांगितलं नाही, मागून कळलं. गिरजाने झाकण उघडलं मात्र, डोळ्यांत पाणी आणणारा तो वास उसळून वर आला आणि जवळच्या बायका पदर नाकाला लावून मागे सरल्या. गिरजाने नाक मुरडलं नाही.

"आता तू कर," ती प्रज्वलला म्हणाली.

त्याने बादलीत पावडर कालवली. गाळ खाली बसू दिला. वरचं निवळ पाणी पोहऱ्यात घेऊन विहिरीत सोडलं आणि पोहरा वरखाली करत पाणी घुसळलं. गिरजाने सांगितलं तेवढा वेळ सगळे थांबले. मग नळी भिमीच्या हातात दिली. भिमीने पाणी भरलं, थेंब टाकले, आणि नळी उन्हाकडे धरली.

आधी काहीच दिसलं नाही. मग तळाशी फिकट धागा हलला आणि पसरत वर आला. हळदीचं बोट बुडवावं तसं पाणी पिवळं झालं.

"आला," भिमी म्हणाली. तिने ती नळी एकेकीला दाखवली, गावातल्या बायकांनाही, आणि प्रज्वलसमोर जरा जास्त वेळ धरली.

"बघितला," तो म्हणाला. "बाई, पोता फेकून देतो."

"पोतं फेकू नको. त्याने समाजमंदिराच्या भिंती रंगव. आणि ड्रमचं झाकण उघडं दिसलं तर मी हरेशला घेऊन इथे राहायला येईन."

दुसऱ्या दिवशी पंगत वेळेवरच बसली. भात वाढला आणि पहिल्याच घासाला कुरकुर सुरू झाली. भाताला दवाखान्याचा वास येतोय. वरणालाही येतोय. एक पाहुणा म्हणाला, आमच्याकडे बाबा असला पानी जनावरांनापन देत नाय. प्रज्वलने त्याला काहीतरी समजावायचा प्रयत्न केला. 'विझलेला' आणि 'कळीचा' एवढे शब्द गिरजाच्या कानावर आले. पुष्कळ चुकत होता, पण तिने मध्ये तोंड घातलं नाही. तिचा राग अजून गेला नव्हता. पावसाळ्यापासूनचे दिवस तिच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हते, आणि पुढच्या ग्रामसभेत काय बोलायचं याची जुळवाजुळव मनात चालू होती. ती शांतपणे जेवत राहिली आणि मागून भात घेतला.

समोरच्या पंगतीत भिमी बसली होती. तिने पाण्याचा पेला आधी स्वतःच्या नाकाशी नेला, हुंगला, मग मीनाच्या तोंडाला लावला. मीनाने तोंड फिरवलं आणि पेला हाताने ढकलला.

"पी गो," भिमी म्हणाली. "वास येतोय तवर पी."

मीनाने आईकडे बघितलं, नाक आक्रसलं, आणि प्यायली.